धार किती मिनिटे टिकते?

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की नागाव मागे पडते आणि चौल येते. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या दाट वाड्या. वाडीत काम करणाऱ्या गड्याच्या हाती कोयता असतोच. त्याला तुम्ही एकदा विचारून पाहा, “कोयत्याची धार किती दिवस टिकते हो?” तो बहुधा उलट तुम्हालाच विचारील, “कापायचं काय आहे?” शहाळे तासायचे, वाळलेली झावळी तोडायची, की पडलेल्या माडाच्या खोडावर घाव घालायचे? कोयता कोणाच्या हातात आहे? मध्येच एखादा घाव दगडावर बसला का?

विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर टाळाटाळीचे वाटेल. पण ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. धारेचे आयुष्य हा एकट्या हत्याराचा गुण नव्हे. ते हत्यार, कापायचा पदार्थ आणि कापण्याची रीत या तिघांच्या मेळातून ठरते. आणि आणखी एक गोष्ट आहे. धार ‘गेली’ असे कधी म्हणायचे? कोयता घसरू लागतो, एका घावाचे काम दोन घावांना जाते, काप स्वच्छ न पडता चिंध्या निघतात. एवढे झाले की गडी कोयता निसण्याकडे नेतो. त्याचा शेजारी कदाचित दोन दिवस आधीच नेईल. दोघांचे कोयते एकाच लोहाराचे असले, तरी एकाची धार आठ दिवस टिकली आणि दुसऱ्याची सहा, असे आपण म्हणू.

हीच अडचण मोठ्या यंत्रशाळेतही येते. तिथले हत्यार मात्र टंगस्टन कार्बाइडचे असते, त्याची किंमत कोयत्याच्या कित्येक पट असते आणि त्याची धार दिवसांवर नव्हे, मिनिटांवर मोजतात. ती कशी मोजतात हे आज पाहू. त्यासाठी एक काम समोर ठेवू आणि तेही चौलच्या जवळचेच घेऊ.

चौलच्या दक्षिणेला रेवदंड्याची खाडी आहे. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. मासेमारीच्या यांत्रिक होड्या या किनाऱ्यावर तुम्ही पाहिल्या असतील. होडीचे इंजिन आत असते आणि पंखा पाण्यात, मागच्या टोकाला. दोघांना जोडणारा लांब पोलादी दांडा म्हणजे शाफ्ट. पंखा या शाफ्टवर नुसता घट्ट बसवून भागत नाही, कारण जोर पडला की तो जागच्या जागी फिरेल आणि शाफ्ट आतल्या आत घसरेल. म्हणून शाफ्टमध्ये एक लांबट खाच पाडतात, तशीच खाच पंख्याच्या भोकात असते आणि दोन्ही मिळून जी पोकळी होते तिच्यात पोलादाची एक चौकोनी पट्टी बसवतात. या पट्टीला म्हणतात चावी आणि खाचेला कामगार म्हणतात की-वे. इंजिनाचा सगळा जोर या बोटभर चावीतून पंख्याला मिळतो.

आता खाच जराशी सैल झाली तर? इंजिन पुढे-मागे चालवताना प्रत्येक वेळी चावी खाचेत ठोके खाते. खाच आणखी रुंदावते, ठोके वाढतात आणि एक दिवस चावी कातरली जाते. इंजिन धडधडत राहते, पंखा मात्र गप्प! उलट खाच अरुंद झाली तर चावी बसतच नाही. ठोकून बसवली तर शाफ्टवर ताण येतो. खाचेच्या तळाचे कोपरे खरबरीत, ओरखडलेले राहिले तर त्याहून वाईट. पोलादाला तडा जातो तो बहुधा अशाच कोपऱ्यापासून. किनाऱ्यावर हे घडले तर दुरुस्ती होते. किनारा दिसेनासा झाल्यावर घडले तर काय, हे कोळ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला सांगायला नको. पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून अशी कामे उरकून घेतात, ती याचसाठी.

तर खाच बरोबर मापाची हवी. बरोबर म्हणजे किती? ३० ते ३८ मि.मी. व्यासाच्या शाफ्टला सामान्यतः १० मि.मी. रुंदीची चावी लावतात आणि शाफ्टमधली खाच ५ मि.मी. खोल घेतात. रुंदीला जी सूट नेहमी दिली जाते ती अशी : खाच १०.००० मि.मी.पेक्षा मोठी नको आणि ९.९६४ मि.मी.पेक्षा लहान नको. म्हणजे सूट ०.०३६ मि.मी.ची. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मि.मी. जाड असतो. अर्ध्या केसाएवढ्या जागेत सगळा कारभार बसवायचा!

ही खाच मिलिंग यंत्रावर पाडतात. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते, हे तुम्हांला ठाऊक असेल. मिलिंग यंत्रावर याच्या उलट. इथे हत्यारच फिरते आणि काम हळूहळू त्याच्याखालून सरकत जाते. आपल्या खाचेसाठी १० मि.मी. व्यासाचा, दोन दातांचा, दिसायला जाडसर ड्रिलसारखा कटर लागेल. फरक असा की ड्रिल फक्त टोकाने कापते, तर हा कटर टोकाने कापतो आणि कुशीनेही.

असे कटर पूर्वी हाय-स्पीड पोलादाचे असत आणि आजही पुष्कळ असतात. दुसरा प्रकार कार्बाइडचा. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगाने जो अतिशय कठीण पदार्थ बनतो तो टंगस्टन कार्बाइड. तो ओतकामाने घडवत नाहीत. त्याची बारीक पूड करतात, तिच्यात थोडी कोबाल्ट धातूची पूड मिसळतात, साच्यात दाबतात आणि सुमारे १४०० अंश सें. तपमानाला भट्टीत भाजतात. कोबाल्ट वितळून कणांच्या फटींत शिरतो आणि त्यांना बांधून ठेवतो. लाडू वळताना पाक करतो ना, तेच काम. हा शोध जर्मनीत कार्ल श्रोएटर याने १९२३ च्या सुमारास लावला, तो दिव्यांच्या कारखान्यात. टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत, म्हणून पर्याय शोधला जात होता. पुढे क्रुप कंपनीने १९२७ च्या सुमारास हा पदार्थ ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखे’ अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांवरून हे नाव केले आहे. आपल्याकडचे जुने कारागीर अजून कार्बाइडच्या हत्याराला सरसकट विडियाच म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो! महाराष्ट्रात या हत्यारांशी संबंध आला तो विशेषतः पुण्यामुळे. सँडविक एशिया ही कंपनी १९६० साली पुण्यात सुरू झाली. आणि खुद्द टंगस्टनचे खनिज आपल्या नागपूर जिल्ह्यात, कुही-खोबना भागात, सापडलेले आहे.

कार्बाइडचा तुकडा हातात घेतला तर पहिली जाणीव होते ती वजनाची. त्याच आकाराच्या पोलादी तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट तो जड लागतो. हाय-स्पीड पोलाद सुमारे ६०० अंशांपुढे मऊ पडू लागते. कार्बाइड त्याहून कितीतरी अधिक तापला तरी कठीणपणा सोडत नाही. पण त्याचा स्वभाव ठिसूळ. टेबलावरून खाली पडला तर पोलादी कटरला फारसे काही होणार नाही, कार्बाइडच्या कटरचा कोपरा उडेल. म्हणून यंत्रशाळेत हे कटर लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत उभे ठेवतात. एका खणात दहा कटर खडखडत टाकलेले दिसले, तर त्या शाळेत ते किती मिनिटे टिकतात हे मोजण्यात अर्थ नाही!

आता मोजण्याकडे वळू. धारेची झीज डोळ्यांनी दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र छान दिसते. नव्या कटरच्या दाताची मागची बाजू कामापासून किंचित कलती ठेवलेली असते, म्हणजे ती कामावर घासत नाही. कापता कापता धारेलगतचा भाग झिजतो आणि तिथे एक चकचकीत अरुंद पट्टी तयार होते. ही झिजेची पट्टी. तिची रुंदी हेच आपले माप. पट्टी रुंदावली की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते आणि उष्णतेने झीज आणखी वाढते.

दर दोन-चार मिनिटांनी यंत्र थांबवून पट्टी मोजली आणि आलेख काढला, तर त्याचा आकार ठरलेला येतो. प्रारंभी रेषा झपकन वर चढते, कारण अगदी कोरी, तीक्ष्ण कड टिकतच नाही. मग बराच वेळ ती संथपणे, जवळजवळ सरळ वर जाते. आणि शेवटी एकदम उसळी घेते. ही उसळी आली की कटर काही मिनिटांचाच सोबती. शहाणपण असे की उसळीच्या आधीच थांबायचे. म्हणून सगळ्यांनी मिळून एक रेघ आखली आहे : पट्टी सरासरी ०.३ मि.मी. रुंद झाली की धारेचे आयुष्य संपले असे समजायचे. मिलिंग कटरच्या आयुष्याच्या चाचणीसाठी १९८९ साली आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. हत्यार त्यानंतर कापणारच नाही असे नव्हे. पण पुण्यातली आणि स्वीडनमधली चाचणी ताडून पाहायची तर दोघांची रेघ एकच हवी. कोयत्याच्या बाबतीत आपली जी अडचण झाली होती, ती अशी सुटली.

पण थांबा. आपल्या खाचेला ही रेघ चालेल का? हिशेब करून पाहू. दाताची मागची बाजू १० अंशांनी कलती आहे असे धरा. १० अंशांचा टॅन्जंट ०.१७६. पट्टी ०.३ मि.मी. रुंद झाली म्हणजे धार आत सरकली ०.३ गुणिले ०.१७६, म्हणजे सुमारे ०.०५ मि.मी. दात समोरासमोर दोन, तेव्हा कटरचा व्यास घटला ०.१ मि.मी. खाच ९.९ मि.मी.ची पडेल आणि चावी बसणार नाही! आपली सूट ०.०३६ मि.मी.ची. तिचा निम्मा भाग ०.०१८, त्याला ०.१७६ ने भागा. उत्तर येते सुमारे ०.१ मि.मी. म्हणजे एकाच घासात पूर्ण रुंदीची खाच पाडायची असेल, तर पट्टी ०.१ मि.मी. झाली की आपल्यापुरता कटर संपला, मानक काहीही म्हणो. तोच कटर पुढे एखाद्या ठोकळ्याचा जास्तीचा भाग उडवायला बिनदिक्कत वापरता येईल. चांगल्या यंत्रशाळेत तसेच करतात. नवा कटर शेवटच्या मापाला, जुना रासवट कामाला.

आता मुख्य प्रश्न. कटर भरभर फिरवावा की हळू? भरभर फिरवला तर काम लवकर होते, पण धार लवकर जाते. किती लवकर? या प्रश्नाचा ज्याने छडा लावला तो अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर. फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० साली त्याने प्रयोगांना आरंभ केला. काही महिन्यांत उत्तर मिळेल अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात लागली सव्वीस वर्षे! तीस ते पन्नास हजार प्रयोग झाले आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला, म्हणजे सुमारे ३६० टन. डिसेंबर १९०६ मध्ये त्याने आपला निबंध अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवला. इतकी वर्षे लागण्याचे कारण समजण्यासारखे आहे. कापण्यावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी त्याने मोजल्या होत्या, आणि एकीचा परिणाम पाहायचा तर बाकीच्या अकरा जागच्या जागी धरून ठेवणे भाग होते. टेलरचे कामगारांविषयीचे विचार पुढे फार वादग्रस्त ठरले. त्याचे हे काम मात्र आजही उभे आहे.

त्याला आढळलेला नियम कार्बाइडपुरता सोप्या शब्दांत असा सांगता येईल : वेगाचा चौथा घात गुणिले धारेचे आयुष्य ही संख्या जवळजवळ स्थिर राहते. हा ‘चौथा’ घात पदार्थापरत्वे थोडा इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला पुरे. हाय-स्पीड पोलादाला तो आठाच्या आसपास येतो.

याचा अर्थ पाहा. समजा, एखादा कार्बाइड कटर मिनिटाला १०० मीटर वेगाने ६० मिनिटे टिकतो. वेग फक्त एक-पंचमांशाने वाढवून १२० केला. १.२ चा चौथा घात २.०७. म्हणजे आयुष्य उरले २९ मिनिटे. निम्म्याहूनही कमी! वेग दुप्पट केला तर साठाला सोळाने भागायचे, पावणेचार मिनिटांत खेळ खलास. उलट वेग ८० वर आणला तर तोच कटर १४६ मिनिटे चालेल. आणि हाय-स्पीड पोलादाचा कटर? तो आपल्या बेताच्या वेगाला ६० मिनिटे टिकत असला, तर वेग एक-पंचमांशाने वाढताच १४ मिनिटांवर येईल. घाई त्याला मुळीच सोसत नाही. कार्बाइडची खरी श्रीमंती नुसत्या कठीणपणात नाही, ती या चार आणि आठमधल्या फरकात आहे.

मग वेग उतरवतच नेला तर कटर जन्मभर पुरेल का? नाही. फार कमी वेगाला धातूचा थर धारेवरच चिकटून बसतो आणि सुटताना कार्बाइडचे कण बरोबर घेऊन जातो. टेलरचा नियम त्या टोकाला लागू पडत नाही. कोणताही नियम कुठवर खरा आहे हे त्याच्याबरोबरच शिकावे, नाहीतर तो घोकून उपयोग नाही.

आपला शाफ्ट या बाबतीत विशेष त्रासदायक आहे. खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून तो बहुधा स्टेनलेस पोलादाचा घेतात. हे पोलाद साध्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशानेच उष्णता वाहून नेते. म्हणजे कापताना झालेली उष्णता कामात पसरत नाही, धारेपाशीच साठते. दुसरी खोड अशी की दाबले-घासले की ते आणखी कठीण होते. तारेचा तुकडा एकाच जागी वाकवत राहिलात तर तो हळूहळू ताठर होत जातो, हे तुम्ही अनुभवले असेल. तोच प्रकार. बोथट कटर कापत नाही, घासतो; घासलेला पृष्ठभाग टणक होतो; आणि पुढच्या दाताला त्या टणक सालीतूनच वाट काढावी लागते. म्हणून स्टेनलेसवर भीतभीत, अगदी पातळ कीस काढणारा नवशिक्या कटर लवकर घालवतो. त्याला वाटते आपण कटरला जपतो आहोत!

शिवाय मिलिंगमध्ये लेथपेक्षा निराळे एक संकट असते. लेथचे हत्यार एकदा कामात शिरले की सलग कापत राहते. मिलिंगचा दात मात्र शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. आपला १० मि.मी.चा कटर मिनिटाला ६० मीटर वेगाने कापायचा तर त्याला मिनिटाला सुमारे १,९१० फेरे घ्यावे लागतील. परिघ ३१.४ मि.मी., तुम्हीच भागाकार करून पाहा. म्हणजे प्रत्येक दाताला सेकंदाला जवळजवळ ३२ वेळा कामाची धडक बसते, आणि तितक्याच वेळा तो तापतो आणि निवतो. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होते? कार्बाइडच्या धारेवरही अशाच आडव्या, फणीच्या दातांसारख्या बारीक चिरा पडतात. थंडाव्यासाठी सोडलेले पाणी-तेल मध्येच थांबले, मध्येच सुरू झाले तर चिरा अधिक. म्हणून सोडायचे तर भरपूर आणि सतत सोडायचे. साध्या पोलादाच्या पुष्कळ कामांत तर कार्बाइड कोरडाच चालवणे बरे पडते. थेंबथेंब शिंपडणे सर्वांत वाईट.

इतके समजल्यावर चाचणी कशी घ्यायची हे तुम्ही स्वतःच सांगू शकाल. सगळे तुकडे एकाच सळईतून कापलेले हवेत, आणि त्यांचा कठीणपणा आधी तपासलेला हवा. नाहीतर मऊ तुकड्यावर चाललेला कटर उगाच भाव खाऊन जाईल. कटर यंत्रात सरळ बसला आहे की नाही हे डायल गेज लावून पाहायचे. तो तिरका बसला असेल तर दोनपैकी एकच दात सगळे काम करतो आणि आयुष्य कटरचे नव्हे, एका दाताचे मोजले जाते. नव्या माणसाची चाचणी फसते ती बहुधा इथेच. मग वेग, सरकण्याची गती आणि खोली ठरवायची आणि त्यांना हात लावायचा नाही. ठरावीक वेळाने थांबून दोन्ही दातांची पट्टी मोजायची, आकडे तिथल्या तिथे वहीत लिहायचे. असे एका वेगाला निदान तीन कटर झिजवायचे, मग दुसरा वेग घ्यायचा. मिळालेले बिंदू साध्या आलेखपत्रावर वाकड्या रेषेत येतात. लॉग आलेखपत्रावर मांडले तर जवळजवळ सरळ रेषेत बसतात. तिच्या उतारावरून आपला घात चार आहे की साडेतीन, हे कळते.

तीन कटर कशासाठी, एक का पुरे नाही? कारण एकाच खोक्यातले कटरही सारखे टिकत नाहीत. समजा पाच कटरांनी अनुक्रमे १४, १६, १५, ९ आणि १७ खाचा पाडल्या. सरासरी १४.२. आता तुम्ही कारखान्याचे फोरमन असाल तर कटर केव्हा बदलाल? चौदा खाचांनंतर म्हणाल तर चौथ्या कटरसारखा एखादा निघाला की शेवटच्या पाच खाचा बिघडल्याच. जिथे एक बिघडलेला शाफ्ट कटरपेक्षा पुष्कळ महाग पडतो तिथे सरासरीकडे पाहायचे नाही, सर्वांत वाईटाकडे पाहायचे आणि आठ-नऊ खाचांनंतर कटर उतरवायचा. माझ्या मते सूक्ष्मदर्शक नसलेल्या लहान यंत्रशाळेलाही ही चाचणी सहज जमेल. एक वही हवी आणि तिच्यात दर कटरमागे चार गोष्टी हव्यात : कोणते पोलाद, किती फेरे, किती खाचा, आणि कटर का उतरवला. शेवटचा रकाना कधीच कोरा सोडायचा नाही. ‘झिजला’ आणि ‘कोपरा उडाला’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. झिजला असेल तर वेग कमी करून पाहावा. कोपरा उडाला असेल तर वेग कमी करून काही होणार नाही. काम घट्ट धरले आहे का, कटर फार बाहेर काढून बांधला आहे का, हे पाहायला हवे.

आपल्या खाचेचा हिशेबही या वहीतूनच निघतो. दोन दात, प्रत्येक दात दर फेऱ्याला ०.०३ मि.मी. पुढे आणि १,९१० फेरे, म्हणजे काम मिनिटाला सुमारे ११५ मि.मी. सरकेल. ६० मि.मी. लांबीची खाच एक-एक मि.मी.च्या पाच घासांत घेतली तर कापण्याचा वेळ २.६ मिनिटे. कटर ४० मिनिटे टिकला तर पंधरा खाचा. आणि तोवर प्रत्येक दाताने पोलादाला शहात्तर हजारांहून अधिक धडका दिलेल्या असतील.

धार किती मिनिटे टिकावी अशी इच्छा धरावी, यालाही गणित आहे. जास्तीत जास्त टिकावी, असे तुम्हांला वाटेल. पण कटर फार सावकाश चालवून वाचवला तर यंत्र आणि माणूस यांचा वेळ वाया जातो. कार्बाइडला ढोबळ नियम असा : घातातून एक वजा करा, म्हणजे तीन. कटर बदलायला लागणारी मिनिटे घ्या. कटरच्या किमतीत यंत्र किती मिनिटे चालवता आले असते ती मिनिटे त्यांत मिळवा आणि तिनाने गुणा. बदलायला ५ मिनिटे, किंमत १० मिनिटांएवढी, तर ४५ मिनिटे टिकेल असा वेग सर्वांत स्वस्त पडेल. त्याहून अधिक टिकणारा कटर दिसायला काटकसरीचा असतो, पण प्रत्यक्षात महाग पडतो. अर्थात किमान मापात बसण्याची अट आधी, हे आपण पाहिलेच आहे.

१९६९ च्या सुमारास कार्बाइडवर काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा आणखी कठीण थर चढवण्याची रीत निघाली. सोनेरी रंगाचे कटर दिसतात ते टायटेनियम नायट्राइडच्या थराचे. आता संगणकावर चालणारी यंत्रे फिरत्या आसावरचा भार स्वतःच मोजतात आणि तो वाढला की कटर बदला म्हणून सांगतात. तरी नवा कटर पारखायचा तर सूक्ष्मदर्शकाखालची ती पट्टीच मोजावी लागते. झिजलेला कार्बाइड फेकून देत नाहीत. तो वजनावर विकला जातो आणि त्यातले टंगस्टन पुन्हा वापरात येते.

हे सारे घरी करून पाहायचे असेल तर मिलिंग यंत्राची गरज नाही. एक एचबी पेन्सिल अगदी टोकदार करा. पट्टी लावून खरखरीत कागदावर २० सेंटिमीटरच्या रेषा ओढत जा. पेन्सिलीचा कल बदलू नका, ती बोटांत फिरवू नका आणि दाब शक्य तितका सारखा ठेवा. दर दहा रेषांनंतर भिंगातून टोक पाहा. तिथे एक चपटी, चकचकीत जागा दिसेल. हीच तुमची झिजेची पट्टी. तिची रुंदी मोजणे जड गेले तर शेवटच्या रेषेची जाडी मोजा : दहा रेषा एकमेकींना चिकटून ओढा, एकूण रुंदी मि.मी.पट्टीने मोजा आणि दहाने भागा. आडव्या अक्षावर ओढलेल्या रेषांची एकूण लांबी, उभ्या अक्षावर जाडी. मग तेच २बी आणि २एच पेन्सिलींवर करा, आणि प्रत्येकीचे तीन तीन प्रयोग घ्या. प्रारंभीची झपकन चढणारी रेषा आणि नंतरची संथ चाल तुम्हांला मिळेल. शेवटची उसळी मिळणार नाही, कारण पेन्सिलीची उष्णता वाढत नाही. ०.५ मि.मी. जाडी ही तुमची रेघ धरा आणि कोणती पेन्सिल किती मीटर चालली ते लिहा. तुमच्या मित्राने हाच प्रयोग केला आणि त्याचा आकडा तुमच्यापेक्षा फार वेगळा आला, तर आधी दोघांचे कागद एकाच वहीतले होते का ते पाहा.